पांढरी अंगठी, पण कोणत्या धातूची?

साखरपुड्याच्या अंगठीसाठी पांढरा धातू कोणता घ्यावा, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. दुकानात दिसणारा पांढरा रंग धातूचा स्वतःचा आहे की वरून चढवलेला, हे मात्र जवळजवळ कुणीच विचारलेलं नाही. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: एकाच नमुन्याच्या दोन अंगठ्या शेजारी ठेवून पाहिल्या, एक १८ कॅरट व्हाइट गोल्डची, दुसरी प्लॅटिनमची. रंगात काही फरक कळला नाही. मग फरक आहे कशात?

उत्तर: बहुधा दोन्ही अंगठ्यांवर तुम्ही एकच धातू पाहत होतात. त्याचं नाव ऱ्होडियम. व्हाइट गोल्डवर त्याचा मुलामा जवळपास नेहमीच देतात, आणि कित्येक ठिकाणी प्लॅटिनमवरही देतात, कारण ऱ्होडियम प्लॅटिनमपेक्षा जास्त लखलखीत दिसतं.

सोनं मुळात पिवळंच. १८ कॅरटमध्ये ते ७५ टक्के असतं. उरलेल्या २५ टक्क्यांत निकेल किंवा पॅलॅडियम आणि जोडीला चांदी, तांबं, जस्त यांपैकी काही असतं. निकेल आणि पॅलॅडियम पिवळेपणा मारतात, पण किती मारतात ते मिश्रणावर अवलंबून. हा उरलेला पिवळेपणा मोजता येतो. त्याचा निर्देशांक १९ च्या खाली असेल तर ती पहिली प्रत, १९ ते २४.५ दुसरी आणि २४.५ ते ३२ तिसरी. पहिल्या प्रतीचं सोनं मुलाम्याशिवायही चांगलं पांढरं दिसतं. दुसरीला मुलामा दिला तर बरा. तिसरीला तो द्यावाच लागतो. दुकानदाराला विचारायचं ते हेच: मुलामा देण्याआधी ही अंगठी कशी दिसते? एखादा न मुलामलेला तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात पाहा. दुकानातल्या दिव्यांखाली हा फरक लपतो.

प्लॅटिनम मुळातच पांढरं, किंचित राखाडीकडे झुकणारं. अंगठीत ते साधारणपणे ९५ टक्के असतं, म्हणून आत ९५० असा छाप असतो. उरलेले ५ टक्के कसले, हे बहुतेक जण विचारत नाहीत, पण विचारावं. रुथेनियम किंवा कोबाल्ट असेल तर मिश्रधातू बऱ्यापैकी कडक होतो, इरिडियम असेल तर त्याहून मऊ राहतो. छाप मात्र दोन्हींवर सारखाच. बारीक पट्टीची अंगठी करायची असेल तर रुथेनियमचं मिश्रण मागा.

दुसरा फरक वजनाचा. आतला व्यास १७ मिमी, पट्टी २ मिमी रुंद आणि १.८ मिमी जाड, असं साधं वळं धरू. प्लॅटिनममध्ये ते सुमारे ४.४ ग्रॅम भरेल, १८ कॅरट व्हाइट गोल्डमध्ये ३.३, १४ कॅरटमध्ये २.८ आणि पॅलॅडियममध्ये २.५. नमुना तोच, माप तेच. प्लॅटिनमची किंमत ठरताना नुसता ग्रॅमचा भाव पाहून चालत नाही ते यासाठीच: त्याच अंगठीला धातूच जास्त लागतो. घडणावळही वेगळी पडते. प्लॅटिनम १७६८ अंश सेल्सियसला वितळतं, आणि त्यासाठी कानशी, पॉलिशची चाकं सगळं वेगळं ठेवावं लागतं. सोन्याचे किंवा लोखंडाचे कण चिकटलेली कानस प्लॅटिनमवर फिरवली आणि तो भाग तापवला, तर ते कण धातूत शिरतात आणि तिथे खड्डे किंवा ठिसूळपणा येतो.

तिसरा फरक झिजण्याचा, आणि आम्हाला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वर्षभर वापरलेली प्लॅटिनमची अंगठी दहापट भिंगाखाली धरा. नांगराच्या तासाच्या दोन्ही कडांना माती वर यावी, तसा प्रत्येक ओरखड्याच्या काठाला धातू वर आलेला दिसेल. धातू सरकलेला असतो, पण फारसा गेलेला नसतो. सोन्याच्या ओरखड्यातून मात्र कण निघून जातात आणि वळं हळूहळू पातळ होतं. म्हणून प्लॅटिनम लवकर मंद, रेशमी दिसायला लागतं, पण जाडी टिकवतं. ही मंद चमक काहींना फार आवडते, काहींना अजिबात नाही. आरशासारखी चकाकीच हवी असेल तर आधीच तसं सांगा, कारण प्लॅटिनमकडून तिची अपेक्षा धरली तर निराशा ठरलेली.

प्रश्न: व्हाइट गोल्डची अंगठी घेऊन आठ महिने झाले. तळहाताकडची बाजू पिवळट दिसू लागली आहे. आमची फसवणूक झाली का?

उत्तर: नाही. मुलामा झिजला आहे, आणि झिजायला सुरुवात तिथूनच होते, कारण दारांच्या मुठी, पिशव्यांचे बंद, भांड्यांचे कान यांना घासते ती तीच बाजू. ऱ्होडियम अतिशय कडक असतं, पण थर असतो मायक्रॉनच्या (म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) काही दशांशाचा. ०.१ मायक्रॉनचा थर काही महिन्यांत जातो, ०.५ च्या आसपासचा वर्ष-दोन वर्षं निभतो. मग जाडच का देत नाहीत? थर फार जाड झाला की तो आतल्या ताणानं तडकतो.

पुन्हा मुलामा देताना काय काय होतं ते माहीत असू द्या, म्हणजे काय विचारायचं ते कळेल. आधी हिरे घट्ट आहेत का ते भिंगाखाली पाहतात. मग ओरखडे काढून पॉलिश, अल्ट्रासॉनिक यंत्रात धुणं, वाफेनं साफ करणं, वीज सोडलेल्या द्रावणात तेलकटपणा काढणं, आम्लात बुडवून काढणं आणि शेवटी ऱ्होडियमच्या आम्लयुक्त द्रावणात बुडवून साधारण मिनिटभर वीज सोडणं. अंगठीवर तेलाचा डाग किंवा पॉलिशचा लगदा राहिला तर तिथे थर धरत नाही आणि काही दिवसांत पापुद्रा सुटतो. वीज जास्त सोडली तर रंग काळपट येतो.

यात दोन गोष्टींकडे लक्ष हवं. दर खेपेच्या पॉलिशमध्ये थोडं सोनं जातं, आणि ते सगळ्यांत आधी जातं हिऱ्याला धरणाऱ्या प्राँगच्या टोकांवरून आणि बारीक नक्षीवरून. म्हणून दर सहा महिन्यांनी मुलामा देऊ नका. पिवळेपणा खरंच खुपायला लागला की द्या, आणि प्राँगवर हलका हात ठेवायला सांगा. दुसरं म्हणजे हिऱ्याऐवजी पाचू, ओपल किंवा मोती असेल तर हा सगळा खटाटोप त्या खड्याला सोसत नाही. पाचूच्या भेगांत बहुतेक वेळा तेल भरलेलं असतं आणि अल्ट्रासॉनिक धुण्यात ते निघून जातं. अशा खड्यासाठी मुलाम्यावर अवलंबून असलेला धातू घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: स्वस्त कानातल्यांनी माझ्या होणाऱ्या बायकोचे कान सुजतात. व्हाइट गोल्ड चालेल का?

उत्तर: ही लक्षणं निकेलची असण्याची शक्यता मोठी आहे. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट (त्वचेवर पदार्थाची पट्टी चिकटवून केलेली चाचणी) करून ते नक्की सांगू शकतात, आणि अंगठीची ऑर्डर देण्याआधी ती करून घेणं शहाणपणाचं.

निकेलची अॅलर्जी निघाली तर निकेलचं व्हाइट गोल्ड टाळा. ‘वर ऱ्होडियम आहे, काही होत नाही’ या उत्तरावर विसंबू नका. थर झिजला की आतलं निकेल त्वचेला लागतंच, आणि घाम ते हळूहळू सोडवत राहतो. युरोपीय संघात त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा नियम आहे. पण ज्यांची त्वचा फार हळवी आहे, त्यांनी निकेल नसलेलाच धातू निवडावा: पॅलॅडियमचं व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनम. पॅच टेस्टमध्ये पॅलॅडियमही घ्यायला सांगा, कारण निकेल न सोसणाऱ्या काहींना तेही सोसत नाही. काही कारागीर ऱ्होडियमखाली निकेलचा पातळ थर देतात, तो देऊ नका असं मुद्दाम सांगा.

आणि एक, अंगठीखाली पुरळ आलं की ते अॅलर्जीचंच असतं असं नाही. साबणाचं पाणी पट्टीखाली अडकून राहिलं तरी कातडी लाल होते. रुंद पट्टीखाली हे जास्त होतं. हात धुतल्यावर अंगठी काढून बोट कोरडं करून पाहा. चार दिवसांत पुरळ गेलं तर दोष धातूचा नव्हता.

प्रश्न: हिरा मोठा आहे. प्राँग कोणत्या धातूचे असावेत? हिऱ्याच्या रंगाची प्रत ‘के’ (K) आहे, त्याचा काही संबंध?

उत्तर: प्राँगला आम्ही प्लॅटिनमच सुचवू. ठोकर लागली तर प्लॅटिनमचा प्राँग वाकतो, सहसा तुटत नाही, आणि बसवताना खड्यावर दाबला की तिथेच बसून राहतो. निकेलचं व्हाइट गोल्ड कडक आणि स्प्रिंगसारखं असतं, दाबलेला प्राँग किंचित मागे येतो. शिवाय क्लोरीन त्याचं वैरी आहे. पोहण्याच्या तलावात, गरम पाण्याच्या टबात किंवा ब्लीच हाताळताना अंगठी बोटात राहिली, तर ताणाखाली असलेल्या प्राँगमध्ये न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि एक दिवस तो काहीही कारण नसताना तुटतो. हिरा हरवल्यावरच ते कळतं.

सोन्याच्या वळ्यावर प्लॅटिनमचं कोंदण जोडता येतं. मोठ्या खड्याला चार प्राँगपेक्षा सहा बरे. चारांतला एक गेला तर खडा लगेच धोक्यात येतो, सहांतला एक गेला तरी उरलेले बहुतेक वेळा त्याला सावरून धरतात. घरच्या घरी तपासायचं तर लोकरीच्या कापडावरून अंगठी हलकेच फिरवा. धागा अडकला तर एखादं टोक उचललं गेलंय. लगेच सोनाराकडे जा.

रंगाचं म्हणाल तर के म्हणजे हलकी पिवळसर झाक. वरून पाहताना ती फारशी जाणवत नाही, बाजूनं पाहिलं की पांढऱ्याशुभ्र प्राँगशेजारी उठून दिसते. हिरा बसवण्याआधी पांढऱ्या धातूच्या रिकाम्या कोंदणात ठेवून बाजूनं पाहा. खुपत असेल तर पिवळ्या सोन्याचं कोंदण घ्या, त्यात हीच झाक ऊबदार वाटते.

प्रश्न: पॅलॅडियमचं नाव कमी ऐकू येतं. घ्यावं का?

उत्तर: गुण चांगले आहेत. मुळातच पांढरं, ऱ्होडियम नको आणि वजनाला प्लॅटिनमच्या निम्म्याच्या आसपास. जड अंगठी नको असणाऱ्यांना सोयीचं. अडचण कारागिराची आहे. वितळलेलं पॅलॅडियम वायू शोषून घेतं, त्यामुळे ओतकाम चुकलं तर आत बारीक पोकळ्या राहतात, आणि साधं तापवलं तरी त्यावर निळसर-जांभळी झाक चढते. माप बदलून द्यायला तयार असलेला माणूस जवळपास नसेल, तर घेऊ नका.

प्रश्न: टंगस्टन आणि टायटेनियमच्या अंगठ्यांवर ओरखडे येत नाहीत म्हणतात. चांदी तर अजून स्वस्त. मग महागाचं कशाला?

उत्तर: टंगस्टनच्या अंगठ्या खरं तर टंगस्टन कार्बाइडच्या असतात. ओरखडे फार कमी पडतात हे खरं, पण फरशीवर जोरात पडली तर अंगठी फुटू शकते. माप बदलता येत नाही, प्राँग वाकवून हिरा बसवता येत नाही. बोट सुजलं तर ती कापत नाहीत, पकडीनं दाबून फोडतात. टायटेनियम अतिशय हलकं आणि त्वचेला निर्धोक, पण ओरखडे त्यावरही येतात आणि माप बदलणं जवळपास अशक्य. साध्या वळ्याला दोन्ही ठीक. खड्याच्या अंगठीला नकोत.

चांदी ९२.५ टक्क्यांची घेतली तरी मऊ असते, हवेतल्या गंधकानं काळी पडते आणि तिचे प्राँग भरवशाचे नसतात. नमुना पसंत करण्यापुरती चांदीत करून पाहा, हिरा तिच्यात बसवू नका.

प्रश्न: अंगठीचं माप पुढे वाढवावं लागलं तर? ऑर्डर देतानाच काय लिहून घ्यावं?

उत्तर: आतला व्यास १ मिमी वाढवायचा तर वळ्याचा घेर ३.१४ मिमी वाढतो, म्हणजे तेवढा तुकडा मध्ये जोडावा लागतो. हा तुकडा त्याच मिश्रधातूचा हवा. प्लॅटिनमच्या अंगठीत व्हाइट गोल्डच्या सोल्डरनं जोड दिला तर पॉलिश उतरल्यावर तिथे बारीक रेघ दिसते. लेझरनं किंवा त्याच प्लॅटिनमनं जोडून मागा. पूर्ण घेरात हिरे असतील तर माप वाढवता येत नाही, तळहाताकडचा एक तृतीयांश भाग तरी कोरा ठेवा. पट्टीची जाडी तळाशी १.८ मिमीपेक्षा कमी करू नका.

बिलावर मिश्रधातूचं पूर्ण वर्णन लिहून घ्या. ‘व्हाइट गोल्ड’ एवढंच पुरेसं नाही. ‘१८ कॅरट, पॅलॅडियमचं, निकेलविरहित’ किंवा ‘प्लॅटिनम ९५०, रुथेनियम’ असं हवं. अंगठीच्या आत ७५० (१८ कॅरट), ५८५ (१४ कॅरट) किंवा ९५० (प्लॅटिनम) हा छाप आहे ना, ते भिंगातून स्वतः वाचा.

प्रश्न: साखरपुड्याची अंगठी प्लॅटिनमची आहे. लग्नातली तिच्याच बोटात, तिला लागून घालायची आहे. ती व्हाइट गोल्डची चालेल?

उत्तर: चालेल, पण एकमेकींना घासून दोन्ही झिजतील आणि मऊ मिश्रणाची जास्त झिजेल. व्हाइट गोल्डचा मुलामा दोघींच्या सांध्यावर आधी जाईल आणि शेजारच्या प्लॅटिनममुळे तिथली पिवळट रेघ ठळक दिसेल. त्याच प्लॅटिनमची, त्याच मिश्रणाची घ्या. दुसरीच्या कडेला हिरे असतील तर ते पहिलीच्या कोंदणाला करवतीसारखे कापत राहतात, म्हणून दोन्ही बोटात घालून हात मुठीत आवळा आणि कोंदणाच्या खालची बाजू हिऱ्यांना टेकते का ते पाहा. टेकत असेल तर कोंदण अर्धा मिमी वर उचलून घ्या.