नखं काढू नका, खांब आणा

मांजरीची नखं कायमची काढायचा विचार आधी मनातून काढून टाका. त्या शस्त्रक्रियेत नुसतं नख जात नाही, प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच कापतात. नंतर काही मांजरी लंगडतात, शी-शूसाठीच्या मातीच्या ट्रेमध्ये जायचं टाळतात, चावायला लागतात. बघून जीव तुटतो.

ओरबाडणं हा खोडसाळपणा नाही. नखाचं जुनं आवरण निघतं, अंग ताणलं जातं, स्वतःचा वास मागे राहतो. सुरुवातीला एवढंच करा:

- ओरबाडायला सुतळी गुंडाळलेला, अजिबात न हलणारा खांब. मांजर पूर्ण ताणून उभी राहील इतका उंच. नवखे तो कोपऱ्यात ठेवतात. मांजर ओरबाडते त्या सोफ्याला लागूनच ठेवा.
- दर २-३ आठवड्यांनी नखाचं फक्त टोक कापा, गुलाबी भाग सोडून.

ओरडू नका, मारू तर नकाच. खांबाला नखं लावली की लगेच खाऊ द्या.