आई झाडांमध्येच असते, कुठे येत नाही

"आई हल्ली कुठेच यायला तयार नसते. सारखी गॅलरीत झाडांपाशी. त्यांच्याशी बोलतेसुद्धा. हे डिप्रेशन तर नाही ना?"

पन्नाशी-साठीतल्या आयांबद्दल लग्न झालेल्या मुली हा प्रश्न नेहमी विचारतात. मुलगे क्वचित, आणि विचारला तर "तिला जरा समजवा" अशा सुरात. इथे सांगते ते कुटुंब चारकोपचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाईंना काकू म्हणते, समोरासमोरही तेच म्हणत होते.

काकू सत्तावन्न वर्षांच्या. लग्नानंतरची बरीच वर्षं परळच्या चाळीत, मग चारकोपला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि ग्रिल लावलेली गॅलरी. घरात निवृत्त झालेले काका, मुलगा, सून, चार वर्षांचा नातू. मुलगी ठाण्याला. माझ्याकडे पहिल्यांदा आली ती मुलगीच, आणि यादीच घेऊन आली. दिवाळीच्या सुट्टीत सगळे केरळला निघालेत, आई म्हणते झाडांना पाणी कोण घालणार. शेजारच्या वहिनी घालायला तयार आहेत, तरी नाही. मुलीने बादलीतून कुंडीत सुती दोरी सोडून आपोआप पाणी पोचेल अशी सोयही करून दाखवली. आई म्हणाली, मोगऱ्याला असलं चालत नाही. पालिकेची डासांच्या अळ्या तपासणारी माणसं येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करायला सांगून गेली, तेव्हापासून आई रोज सगळ्या ताटल्या उचलून पुसते. आणि शेवटचं, मुलीला सगळ्यात जास्त टोचलेलं: आईने मार्गशीर्षातले गुरुवार सोडले. "देव सोडला, माणसं सोडली, आता नुसती झाडं."

ताटल्यांच्या बाबतीत मी काकूंच्या बाजूची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो. आठवड्यातून एकदा ताटल्या कोरड्या केल्या तरी भागतं. काकू रोज करतात, ते जरा जास्त. पण त्याला आजार म्हणता येत नाही.

आजार आहे का, हे बघावंच लागतं. नैराश्य तपासताना आम्ही मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो: बराचसा दिवस मन उदास असतं का, आवडीच्या गोष्टींतला रस गेला का, झोप आणि भूक बिघडली का, थकवा, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं, जगून काय करायचं असे विचार. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली यासाठीच आहे. त्यातला रसाचा प्रश्न अशा आयांच्या बाबतीत मला फार उपयोगी पडतो. जिचं मन खरोखर खचलेलं असतं तिच्या कुंड्याही सुकायला लागतात. झाडांपाशी बसते पण करत काहीच नाही, सुकलेलं पान दिसतं पण हात उठत नाही, असं असेल तर थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ या तपासण्याही करून घ्याव्यात. या वयात थकव्याची कारणं बऱ्याचदा रक्तात सापडतात. जगण्याबद्दलचे विचार बोलून दाखवत असेल तर त्याच दिवशी. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत आहे.

काकूंच्या तपासण्या व्यवस्थित निघाल्या, प्रश्नावलीतही काळजीचं काही नव्हतं. त्या एकट्याच भेटायला आल्या आणि बसल्या बसल्या मला जास्वंदीचं सांगायला लागल्या. फांद्यांवर पिठ्या ढेकूण पडला होता. कापसासारखे पांढरे पुंजके. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात एकेक फांदी पुसून काढली, मग कडुनिंबाचं तेल फवारलं, तेही ऊन उतरल्यावर, नाहीतर पानं भाजतात. मोगऱ्याची जानेवारीत छाटणी करून पानं खुडली नाहीत तर उन्हाळ्यात कळ्या धरत नाहीत. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर काढल्या नाहीत तर ती लाकडासारखी होते. त्या खुडतात आणि विठोबाला वाहतात. हात हलवत, डोळे मोठे करत सांगत होत्या. ही बाई माणसांतून उठलेली नव्हती.

मग केरळ का नको?

"तिथे मला काय आहे हो? हॉटेलात पोराला धरून बसायचं. यांना दोघांना फिरता यावं म्हणून मी. इथे निदान दुपारी तो शाळेत असतो."

मग तसं सांगितलं का नाही?

"असं कसं सांगणार? नातू जड झाला म्हणतील."

या दोन वाक्यांपाशी आमचं काम सुरू झालं. काकूंच्या तोंडून "मला नको" कधी निघालेलंच नव्हतं. नकार द्यायचा तर तो दुसऱ्या कुणासाठी, नाहीतर त्याला मान नाही. आता तो झाडांसाठी होता. आधी कुणासाठी होता, हे विचारलं तेव्हा गुरुवारांचा उलगडा झाला. सासूबाई असताना मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट, पूजा, कहाणी. उपास म्हणून स्वयंपाकात ढिलाई चालायची आणि पोथी हातात असली की कुणी हाक मारत नसे. "वर्षातले ते चार-पाच दिवस माझे होते. आता सासूबाई नाहीत, सून ऑफिसला, घरात मी एकटी. कुणासाठी पोथी धरून बसू?"

म्हणजे श्रद्धा नव्हतीच? असं विचारल्यावर काकू बराच वेळ गप्प राहिल्या. उपास केला म्हणून लक्ष्मी घरात येते, हे त्यांना चाळीतही पटलेलं नव्हतं. पण तुळशीपाशी दिवा रोज लावतात, आणि दिवेलागणीनंतर तुळशीचं पान तोडत नाहीत, चहासाठीसुद्धा नाही. "ते सवयीने की मनापासून, मला नाही सांगता यायचं. पण तोडत नाही." मी खोदलं नाही. आईचा विश्वास नेमका किती आणि कशावर, याचा हिशोब तिने कुणाला द्यावा असं मला वाटत नाही. मुलीला मात्र मी हे सांगितलं की आईने देव सोडलेला नाही, फक्त त्याच्या आडून वेळ मागणं सोडलंय.

घरातल्यांना मी एका कामाच्या दिवसाचं टिपण करायला सांगितलं: कोणत्या वेळी कोण काय करतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्या घरचं काम करणाऱ्या बायका त्या कामात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं निघालं होतं, पुरुष ९७. काका म्हणाले, आमच्याकडे असं नाही. त्यांच्या टिपणात सकाळी दूध आणणं आणि संध्याकाळी भाजी एवढंच होतं, तरी ते म्हणत राहिले. काकूंच्या टिपणात नळाला पाणी यायच्या वेळेपासून रात्री विरजण लावेपर्यंत ओळी होत्या. झाडांना सकाळी अर्धा तास आणि दुपारी तास-दीड तास. "सारखी गॅलरीत" ती एवढीच.

सगळे एकत्र बसलो ते सत्र सोपं गेलं नाही. मुलगी दुखावली. "म्हणजे आम्ही आईला मूल सांभाळायला नेतो?" मुलगा मोबाइलकडे बघत बसला. उत्तर दिलं सुनेने, आणि ते मला अनपेक्षित होतं. म्हणाली, "हो ताई, नेतोच. मला तिथे दोन दिवस झोपायचं होतं. आई आल्या असत्या तर झोपले असते." एवढा खरेपणा त्या घरात त्या दिवशी दुसऱ्या कुणी दाखवला नाही. त्यानंतर काकू तिच्याशी मोकळ्या झाल्या, लेकीशी अजून तितक्या नाहीत.

काकूंना मी एकच गोष्ट सांगितली: दिवसातून एक लहानसा नकार स्वतःच्या नावावर द्या. पाय दुखतात, डोकं धरलंय, झाडं राहिलीत, असलं काही जोडायचं नाही. पहिला नकार रात्री साडेनऊला काकांनी मागितलेल्या कांदाभजीला गेला. "आज मला नाही करायची." काका बघत राहिले आणि मग चिवडा काढून बसले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मुलीला फोन केला की तुझ्या त्या बाईंनी आईला भलतंच शिकवलंय. हे होणारच होतं. ज्यांची सोय मोडते त्यांना आई "बदललेली" वाटते, आणि गंमत अशी की तीच माणसं तिला बरं करून द्या म्हणून माझ्याकडे घेऊन येतात.

केरळला ते पाचजण गेले. मुलीने आपला नवरा मागे ठेवून भाच्याला सांभाळलं आणि परत आल्यावर मला तिच्या पाठदुखीबद्दल बरंच ऐकवलं. काकू घरी एकट्या राहिल्या. पहिल्या दिवशी मजा आली, म्हणाल्या, दुसऱ्या संध्याकाळी घर खायला उठलं, तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना जेवायला बोलावलं. एकटेपणाचे गोडवे त्यांनी गायले नाहीत, मीही गाणार नाही.

थंडीत राणीच्या बागेत पालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं. काकू शेजारच्या वहिनींना घेऊन कांदिवलीहून लोकलने दादर, तिथून गाडी बदलून भायखळा, अशा गेल्या. नातू पेंग्विन बघायला मागे लागला होता. "तुला परत नेईन, आज मी माझी जाणार आहे," असं त्याला सांगून गेल्या. चार वर्षांच्या पोराने ते पाच मिनिटांत मान्य केलं. त्याच्या आजोबांना जमायला अजून वेळ आहे.

काका नातेवाइकांत अजूनही सांगतात की झाडांमुळे ही कुठे येत नाही. तुम्ही खोडत का नाही, असं मी विचारलं. काकू हसल्या. म्हणाल्या, "असू दे की. नणंदेच्या घरच्या सत्यनारायणाला कामी येतं."