सीमेन्सच्या पीएलसीमध्ये (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकात) एमडब्ल्यू १० या वर्डमध्ये १ टाकला की एम ११.० हा बिट आपोआप चालू होतो, असं का?

कारण एम ११.० हा एमडब्ल्यू १० चाच सर्वांत खालचा बिट आहे. एम ही एकच सलग मेमरी, पत्ता बाइटचा (८ बिटांचा): एम ११.० म्हणजे बाइट ११ चा बिट ०. एमडब्ल्यू १० म्हणजे बाइट १० आणि ११, आणि सीमेन्समध्ये वजनदार (मोठ्या किमतीचा) बाइट आधी येतो. म्हणून १ टाकला की एम ११.० लागतो, २५६ टाकले की एम १०.०. एमडब्ल्यू ११ घेतलात तर तो बाइट ११ आणि १२ वापरतो, म्हणजे आधीच्या वर्डवर चढतो. कंपायलर याला एरर देत नाही, म्हणून चूक मशीनवरच कळते.

वर्डना सम पत्तेच द्या: १०, १२, १४. एमडी १० (डबल वर्ड) चार बाइट खातो, पुढचा टॅग (नाव दिलेला पत्ता) १४ पासून. बिटांसाठी वेगळा पट्टा राखा, समजा १०० च्या पुढे. आधीच गोंधळ झाला असेल तर टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमधली असाइनमेंट लिस्ट उघडा. कुठला बाइट बिट म्हणून आणि वर्ड म्हणूनही वापरलाय ते लगेच दिसतं.

एस७-१२०० आणि १५०० या पीएलसींमधल्या ऑप्टिमाइझ्ड डेटा ब्लॉकमध्ये (डेटा नावाने ठेवायची वेगळी जागा) ही अडचण नाही, तिथे ऑफसेटच (ठरलेला बाइट-पत्ता) नसतो. एम मेमरीला मात्र वरचा नियम तिथेही लागू आहे.