नगरसेवकाच्या पत्नीच्या जमिनीवरचं उद्यानाचं आरक्षण उठवतायत. पुण्यात सामान्य नागरिकाला हरकत घेता येते का?
हो, कोणालाही घेता येते. विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायदा 1966 च्या कलम 37 खाली जाहीर सूचना काढावीच लागते. सूचनेच्या तारखेपासून एका महिन्यात महापालिकेकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या (तोंडी सांगून काही होत नाही). सातबारा आणि नगरसेवकाचं निवडणुकीतलं प्रतिज्ञापत्र जोडा. त्यात पत्नीची मालमत्ताही दाखवलेली असते. महापालिकेच्या मुख्य सभेनं (सगळ्या नगरसेवकांच्या सभेनं) ठराव केला तरी अंतिम मंजुरी राज्य सरकारची. मात्र एवढ्यावरून नगरसेवकाचं पद जाईल असं धरून चालू नका: महापालिका अधिनियमाचं कलम 10 हितसंबंधांबद्दल बोलतं ते प्रामुख्यानं पालिकेच्या कंत्राटांपुरतं.