गावी राहणाऱ्या आई-बाबांचं पेन्शन आणि आरोग्य योजना सरकार कापतंय का? आम्ही नेमकं काय करावं?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: आई-बाबा राजापूर तालुक्यात गावी असतात. बाबा 72 वर्षांचे, मुंबईतल्या खासगी कंपनीतून निवृत्त, ईपीएसचे (खासगी नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीतल्या पेन्शन योजनेचे) महिना 1,840 रुपये येतात. आई 66 ची, तिचे लाडकी बहीणचे 1,500 बंद झाले. अमेरिकेत ज्येष्ठांच्या पेन्शन-कपातीवरून चाललेला वाद वाचून आपल्याकडेही तसंच होतंय का, असं तुम्ही विचारलंय.

होतंय, पण आपल्याकडे कपातीचा आदेश सहसा निघत नाही. आकडा वर्षानुवर्षं आहे तिथेच ठेवतात, महागाई बाकीचं काम करते. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं पेन्शन 1975 पासून महागाईप्रमाणे आपोआप वाढतं. ते रोखायचं तर कायदा बदलावा लागतो, म्हणून तिथे उघड भांडण होतं. आपल्याकडे वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा 60 ते 79 वयाला महिना 200 रुपये आहे. 2007 सालीही तो 200 च होता. 80 च्या पुढच्यांना 2011 पासून 500 मिळतात. दोनशेत आज गॅसचा पाव सिलिंडरही येत नाही. उरलेले पैसे राज्य घालतं आणि हातात 1,500 पडतात.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. त्यांच्यावरही कुऱ्हाड आली होतीच: जानेवारी 2020 ते जून 2021 या काळात केंद्राने तीन हप्ते गोठवले आणि थकबाकी दिली नाही. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांचा जुन्या पेन्शनचा लढा वेगळा. मार्च 2023 चा संप त्याच मागणीसाठी झाला, आणि नंतर राज्याने केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेचा मार्ग धरला. त्यांची मागणी मला रास्त वाटते. पण सगळी चर्चा तिथेच अडते, आणि जन्मभर मासळीची पाटी वाहिलेल्या किंवा काजू बी फोडलेल्या बाईच्या 1,500 रुपयांबद्दल सभागृहात कुणी तासभर बोलत नाही, याचा मला राग येतो.

आता तुमच्या आईचं. लाडकी बहीणला वयाची अट 21 ते 65 आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. 65 पूर्ण झाल्यावर तिने श्रावणबाळ या राज्याच्या वृद्धांसाठीच्या पेन्शन योजनेत जावं अशी अपेक्षा, पण तिथली मर्यादा 21,000 रुपये, म्हणजे महिना 1,750. बाबांचे 1,840 गुणिले 12 केले तर 22,080 होतात. महिन्याला नव्वद रुपये जास्त, एवढ्यावरून आई बाहेर! बागेची, भाताची एक पै धरली नाही तरी. कपात म्हणतात ती हीच, आणि ती कुठल्याही बातमीत येत नाही.

तरी अर्जाचा विचार लगेच सोडू नका. 21,000 ची अट बीपीएल यादीत नाव नसलेल्यांसाठी, म्हणजे गट 'ब' साठी आहे. आधी ग्रामपंचायतीत जाऊन तुमच्या कुटुंबाचं नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत आहे का ते बघा. असेल तर गट 'अ' मधून अर्ज करा आणि यादीतला उतारा सहीशिक्क्यासह जोडा. चाकरमान्यांच्या घरात पुष्कळदा हे नाव आजोबांच्या किंवा काकांच्या नावाखाली असतं. तिथे कुटुंबप्रमुख कोण, हे ग्रामसेवकाकडून लिहून घ्यावं लागतं.

अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत किंवा सेतू केंद्रातून जातो. वयाचा पुरावा, 15 वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा बीपीएल उतारा, आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि फोटो एवढं लागतं. कोकणात अर्ज अडतो तो सामाईक सातबाऱ्यावर. एका सातबाऱ्यावर भावकीतली वीस-पंचवीस नावं आणि हापूसची बाग दिसली की चौकशीत उत्पन्न फुगतं. म्हणून सातबाऱ्यासोबत 8अ चा (एका खातेदाराच्या नावावरच्या जमिनीचा) उतारा जोडा, आईच्या किंवा बाबांच्या हिश्श्याला किती गुंठे येतात ते अर्जातच लिहा आणि तलाठ्यांना (आता पद ग्राम महसूल अधिकारी असं झालंय) समक्ष दाखवा. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. तोंडी 'बसत नाही' ऐकून परत येऊ नका.

मंजूर होऊनही पैसे येत नाहीत अशा तक्रारींत बहुतेक वेळा गोम बँकेत असते. थेट हस्तांतरणाचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही. ज्या खात्याला आधारचं सीडिंग, म्हणजे जोडणी, सर्वांत शेवटी झाली, तिथे जातात. मध्येच पोस्टात नवं खातं उघडलं असेल तर पैसे तिथे साचलेले सापडतात. 'माझे आधार' पोर्टलवर बँक सीडिंगची स्थिती दिसते, ती आधी तपासा. दुसरी अडचण ठशांची. काजूच्या चिकाने, जांभ्याच्या चिऱ्यांनी बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि मशीन ठसा घेत नाही. तिथे चेहरा ओळखण्याची सोय वापरा.

बाबांच्या ईपीएसची गोष्ट निराळी. किमान पेन्शन 1 सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये आहे, आणि त्याला महागाई भत्ता नाही. 7,500 ची मागणी घेऊन एसटी, वीज मंडळ, साखर कारखान्यांतले निवृत्त लोक वर्षानुवर्षं आंदोलन करतायत. बाबांच्या हयातीच्या दाखल्याला नोव्हेंबरची सक्ती नाही: दाखला दिला त्या तारखेपासून 12 महिने चालतो. मागच्या वर्षीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. चुकली तर पेन्शन थांबतं, पण दाखला दिल्यावर मागचे पैसे मिळतात. तुम्ही घरी गेलात की 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेसआरडी' ही दोन ॲप टाकून तुमच्याच मोबाइलवर पाच मिनिटांत होतं. पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँक खाते क्रमांक हाताशी हवा. वाडीत रेंज नसेल तर बाबांना सड्यावर, उंच मोकळ्या माळावर नेऊन करा. चेहऱ्यावर उजेड हवा, पाठीमागे ऊन नको, नाहीतर ॲप नाकारत राहतं. कुणी नसेल तेव्हा पोस्टमनही घरी येऊन दाखला काढतो. आणि जानेवारी 2025 पासून हे पेन्शन कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येतं. मुंबईतलं जुनं खातं केवळ त्यासाठी चालू ठेवायची गरज उरलेली नाही.

आरोग्याच्या बाबतीत मात्र अलीकडे भर पडली आहे, हेही सांगायला हवं. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, घरात सत्तरीचे दोघं असतील तर दोघांत मिळून. बाबांचं कार्ड आजच काढा. वय आधारवरचंच धरतात, आणि जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून शाळेचा दाखला हातात घेऊनच दुरुस्तीला जा. आईला सत्तरीपर्यंत महात्मा फुले योजना आहे, पांढऱ्या रेशन कार्डालाही चालते. फक्त तिचं नाव चालू रेशन कार्डावर हवं. मुंबईचं कार्ड रद्द केलं आणि गावच्या कार्डावर नाव चढवायचं राहिलं, ही चूक फार घरांत सापडते आणि ती कळते दवाखान्याच्या दारात.

या योजनांत भरती झाल्यावरचा खर्च येतो. महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या येत नाहीत, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्या, तिथे ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्यातल्या बांबोळीला गाडी करण्याआधी आयुष्मान योजनेच्या 14555 वर फोन करून ते रुग्णालय आणि *तो आजार* दोन्ही यादीत आहेत का विचारा. रुग्णालय यादीत असतं, पण हृदयाचं काम तिथल्या मंजुरीत नसतं, असं होतं. पोहोचल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयात या योजनांचं काम बघणाऱ्याला) गाठा. आधी रोख भरले की ते परत मिळवणं फार कठीण जातं.

उघड कपातीचं एक उदाहरण तुमच्या रोजच्या वाटेवरचं आहे. रेल्वेत 60 वरच्या पुरुषांना 40 टक्के आणि 58 वरच्या महिलांना 50 टक्के सवलत होती, ती 20 मार्च 2020 ला करोनाचं कारण देऊन काढली आणि अजून परत दिलेली नाही. एसटीत उलट 65 ते 75 ना अर्धं तिकीट, आणि 26 ऑगस्ट 2022 पासून 75 च्या पुढे मोफत. एक निर्णय केंद्राचा, दुसरा राज्याचा. निवेदन देताना हाच फरक लक्षात ठेवा: 21,000 ची मर्यादा राज्याच्या हातात आहे, ते आमदारांना विचारा. 200 रुपये, ईपीएसचे 1,000 आणि रेल्वेची सवलत खासदारांना. ग्रामसभेत ठराव घेऊन त्याची प्रत जोडा, आणि त्यात तुमच्या घरातला 22,080 चा हिशेब जसाच्या तसा लिहा.