जळगावात हॉटेल शोधू नका, आधी पदार्थ आणि त्याची वेळ धरा

ताई, तुम्ही बदली होऊन जळगावला आलात, दोन महिने ॲपवरून मागवून जेवलात, आणि आता शनिवार-रविवारी पायी हिंडून गावचं खाणं नि जुनी दुकानं बघायची म्हणताय. तिखट फार सोसत नाही, लॅपटॉप घेऊन बसायला एखादा कॅफेही हवाय. 'टॉप टेन' याद्यांवरचा तुमचा विश्वास उडालाय, हे बरंच झालं.

या गावात नुसतं हॉटेलाचं नाव विचारून भागत नाही. पदार्थ विचारायचा, मग तो कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी आणि किती वाजता ताजा असतो ते विचारायचं. ॲपवर चार तारे असलेल्या ठिकाणी जूनमध्ये भरीत मागवाल तर मिळेलही, पण त्याला भरीत म्हणायला इथला माणूस तयार होणार नाही.

भरीतच आधी घेऊ. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वांगं फिकट हिरवं, मोठं, गराचं, बिया कमी. बामणोद, असोदा, भादली या बाजूचं नाव घेऊनच विक्रेते ते विकतात. खरा हंगाम थंडीचा. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत चंपाषष्ठीपर्यंत वांगं शिजत नाही, त्यामुळे त्यानंतर भरीताच्या दुकानांवर गर्दी एकदम वाढते. डिसेंबर-जानेवारी हे तुमचे महिने. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं की वांग्यात बिया धरायला लागतात आणि चवीत कडसरपणा येतो.

इथे भरीत ताटावर कमी, किलोवर जास्त विकलं जातं. पुरीबरोबर खायचं तर माणशी 200 ते 250 ग्रॅम पुष्कळ झालं. दुकानात शिरण्याआधी मागच्या बाजूला बघा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात असतील तर धूर, राख आणि काळ्या सालींचा ढीग दिसतोच. काड्यांचा जाळ मोठा आणि चटकन उठणारा असतो. साल करपते, गर आतून वाफेवर शिजतो आणि धुराचा वास धरतो. गॅसवर भाजलेल्यात तो वास येत नाही. मग सोललेली वांगी लाकडी भांड्यात लाकडी दांड्याने ठेचतात. मिक्सरमधून काढलेलं भरीत लगेच ओळखू येतं: लगदा होतो, चिकट लागतो, बोटाला रेषा जाणवत नाहीत. फोडणीत शेंगदाण्याचं तेल सढळ, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. इथल्या भरितात टोमॅटो नसतो आणि लाल तिखटही नसतं. दिसलं तर उठा, असं म्हणणार नाही, पण ते पंजाबी घराण्याकडे झुकलेलं आहे एवढं समजा.

तिखट न सोसणाऱ्यांनी एक करावं. भरीत घेतानाच 'मिरची बेताची' असलेली कढई आहे का ते विचारावं. बऱ्याच ठिकाणी दोन प्रकार काढून ठेवतात, कारण लग्नाच्या आणि शेतातल्या पार्ट्यांच्या ऑर्डरी त्यांना तशाच येतात. एकदा मिरची ठेचून मिसळली की ती काढता येत नाही. सोबत पुरी घ्या किंवा कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळलेलं पीठ. साधारण चाराला एक हे प्रमाण, घरागणिक थोडं इकडेतिकडे. उडदामुळे भाकरीला चिकटपणा येतो, ती गार झाली तरी तुटत नाही. पार्सल नेलंत तर भरीत त्याच दिवशी संपवा आणि पिशवीचं तोंड गरम असताना बांधू नका. वाफ आत कोंडली की संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो.

शेवभाजी मात्र बारमाही, म्हणून फसगतही तिथेच जास्त. रस्सा भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा आणि काळ्या मसाल्याचा, शेव जाड, कडक, ओवा-तिखटाची. फरसाणातली बारीक शेव टाकली तर दोन मिनिटांत पिठलं होतं. जाड शेवेतही सोडा किंवा मोहन जास्त पडलं असेल तर ती रश्शात फुगून फुटते. भाजीची शेव मुद्दाम कमी मोहनाची, घट्ट मळलेली असते. नुसती तोंडात टाकली तर दाताला जड लागेल; ती तशीच हवी. शेव ताटात येताना वरून पडली पाहिजे. पार्सलला 'शेव वेगळी बांधा' हे न विसरता सांगा, माणशी 40-50 ग्रॅम धरा, आणि घरी रस्सा उकळी येईपर्यंत तापवून गॅस बंद केल्यावर ती घाला. रस्सा घट्ट वाटला तर पाणी शेव घालण्याआधी वाढवायचं, नंतर नाही.

'कमी तिखट करून द्या' असं सांगितल्यावर बहुतेक हॉटेलांत एवढंच होतं की वरची तर्री काढून ठेवतात. मसाला तर वाटणातच शिजलेला असतो. त्यामुळे वेटरला दोष देण्यात अर्थ नाही. दही किंवा ताक मागवा, ज्वारीची नाहीतर कळण्याची भाकरी घ्या, आणि जेवण पातोडीच्या रश्शाने सुरू करू नका; पातोडी म्हणजे बेसनाची वडी, ती रस्सा पिऊन बसते आणि पहिल्याच घासाला ठसका लागतो. तुमच्यासाठी वरण-बट्टी बरी. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे वाफवून, कापून, तळलेले. वर तुरीचं साधं वरण आणि तूप, बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. भाजी चाखून मग घ्या, वरण निर्धास्त घ्या. हा बेत रोज सगळीकडे नसतो. पुष्कळ खानावळी तो रविवारी किंवा ठरल्या वारी ठेवतात आणि दुपारी दोनच्या पुढे बट्टी संपते, उरते ती कडक असते. सकाळी फोन करून 'भाऊ, आज बट्टी आहे का?' एवढं विचारलं की चक्कर वाचते.

फुनके-कढी, डाळ-गंडोरी, डुबूक वडे हे खानदेशी घरगुती पदार्थ हॉटेलात कमी आणि घरगुती डबेवाल्या काकूंकडे जास्त. तुमच्या कॉलनीत डबा देणाऱ्या कोणी असतील तर महिन्याचा डबा न लावता एखाद्या वाराचा विचारा. खापरावरच्या पुरणपोळीचंही तसंच. हिलाच मांडे म्हणतात; ते मातीच्या पालथ्या खापरावर भाजतात, हातावर पसरवणं हे कसबाचं काम, म्हणून ते सांगूनच करून घ्यावे लागतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात आयत्या वेळी विचाराल तर नकार ठरलेला; आठ दिवस आधी सांगा. पोळी घडी घालून देतात, ती घरी उलगडून वाऱ्यावर ठेवू नका, कडा पापडासारख्या होतात.

आता पायी हिंडण्याचं. गाडी स्टेशनच्या बाजूला लावून नेहरू चौक, टॉवर चौक, फुले मार्केट, मग सुभाष चौकाकडे सराफ बाजार आणि दाणा बाजार, असं गेलात तर जुनी पेठ बहुतेक पायांखालून जाते. सुभाष चौकाच्या पुढे चारचाकी नेणं म्हणजे स्वतःचा आणि हातगाडीवाल्यांचा वेळ घालवणं. वेळ कोणती, हे ऋतूवर आहे. एप्रिल-मे मध्ये पारा 45 अंशांच्या घरात जातो. दुपारी एक ते पाच पेठेत अर्धी शटरं खाली असतात आणि उघडी असलेल्या दुकानातला माणूसही बोलण्याच्या मनःस्थितीत नसतो. उन्हाळ्यात सकाळी आठ ते अकरा, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. थंडीत दिवसभर. साप्ताहिक सुट्टी सगळ्या पेठेची एक नसते, म्हणून ज्या दुकानासाठी निघालात त्याचा वार आधी विचारा.

सकाळच्या नाश्त्याला एकच कसोटी: कढई चालू आहे ना. पोहे, कचोरी, जिलेबी यांची चांगली दुकानं साडेनऊ-दहाला आवरतात. काचेच्या कपाटात रचून ठेवलेली कचोरी अकरा वाजता खाण्यापेक्षा चहा घेऊन पुढे जा.

दाणा बाजार नवख्याला आडमुठा वाटतो, पण घर चालवणाऱ्याला तिथेच खरी मजा. जळगाव डाळमिलचं गाव आहे, त्यामुळे तुरीच्या डाळीचे इतके नंबर दुसरीकडे दिसत नाहीत. दुकानात 'तूरडाळ द्या' म्हटलं की उलट प्रश्न येतो: फटका की सव्वा नंबर? तेलाची की कोरडी? फटका म्हणजे स्वच्छ, एकसारखी, महाग. सव्वा नंबर थोडी तुटकी. घरच्या वरणाला काहीही बिघडत नाही. वर्षाची भरायची तर तेल लावलेली टिकते, रोजच्याला कोरडी घ्या. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते आणि नव्या डाळीला शिजायला कमी वेळ लागतो. जुनी कुकरमध्ये दोन शिट्ट्या जास्त मागते. चिमूटभर दाणे हातावर चोळून बघा, हाताला पिवळी भुकटी लागली तर सोडून द्या. काही घाऊक दुकानं पाच-दहा किलोखाली देत नाहीत. ऑफिसातल्या दोघींना बरोबर घ्या आणि वाटून घ्या. भाव मात्र सकाळी गिऱ्हाईक सुरू होण्याच्या वेळी विचारू नका, अकरानंतर नीट उत्तर मिळतं.

मिरची-मसाल्याचा बाजार फेब्रुवारी ते एप्रिल. नंदुरबारची मिरची या भागात सगळीकडे येते. तयार काळा मसाला घेण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा की कांदा-खोबरं घातलेला आहे का. घातलेला असेल तर तो पावसाळ्यात खवट होतो, पाव किलोच्या वर घेऊ नका. कोरडा मसाला वर्षभर राहतो. उडदाचे पापड आणि बिबड्या (ज्वारीचे पापड) मार्च ते मे मध्ये बचत गटांच्या बायकांकडून घ्याव्यात. बिबडी वाकवल्यावर कट्कन तुटली पाहिजे; लवली तर ऊन कमी पडलंय, डब्यात बुरशी येणार.

सराफ बाजारात नुसतं बघायला जायलाही कोणी हरकत घेत नाही. खरेदी करायची असेल तर चार गोष्टी कागदावर लिहून न्या: आजचा दर जीएसटी धरून की सोडून, घडणावळ ग्रॅममागे की टक्क्यांत, खड्यांचं वजन वजा केलंय का, आणि तोच दागिना परत दिला तर काय कापणार. चौथा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत, आणि नुकसान तिथेच होतं. दागिन्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, शुद्धतेचा आकडा (22 कॅरेटला 916) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा सहा अक्षरी क्रमांक लागतोच. दुकानातच बीआयएस केअर ॲपवर तो टाकून बघा. जुनी पेढी असली तरी बघा. चांगला सराफ स्वतःहून भिंग पुढे करतो.

गोलाणी मार्केट मोबाईल-संगणकाच्या दुरुस्तीसाठी. आत गाळ्यांची इतकी गर्दी आहे की आलेली बाजू लक्षात ठेवा. दुरुस्तीला टाकण्याआधी आयएमईआय क्रमांक पावतीवर लिहून घ्या आणि काढलेला जुना भाग परत मागा. तो द्यायला खळखळ केली तर पुढच्या गाळ्यात जा, पर्याय भरपूर आहेत.

कॅफेंबद्दल लांबवण्यासारखं काही नाही. एम. जे. कॉलेजच्या परिसरात, रिंग रोडला आणि महाबळकडे ते आहेत. कोल्ड कॉफी, मॅगी, सँडविच, बहुतेकांचा मेनू सारखाच. दारातून आत बघितल्यावर पडदे लावलेले कप्पे दिसले तर ती जागा कॉलेजच्या जोड्यांसाठी, लॅपटॉपसाठी नाही. संध्याकाळी पाचनंतर वाढदिवसांचे केक नि फुगे सुरू होतात. काम करायचं तर सकाळी उघडल्यापासून चारपर्यंत. बसण्याआधी प्लगला वीज येतेय का ते चार्जर लावून बघा, इंटरनेट स्वतःच्या फोनचं धरा. दीड-दोन तासांमागे एक ऑर्डर दिली तर कोणी उठवत नाही.

थंडीत संध्याकाळी मेहरूण तलावाकडे जाल तेव्हा बोरं विसरू नका. मेहरूणचं बोर छोटं, गोड-आंबट, सालीला पातळ. पिवळट-लालसर घ्या, पूर्ण लाल, सुरकुतलेली त्या दिवशी गोड लागतात पण दुसऱ्या दिवशी दमतात. माप घालताना विक्रेतीला 'आक्का, खालची नको' म्हटलं की ती हसून वरची देते.

आणि गावी नेण्याचं: केळीचे वेफर्स शहरातल्या चकचकीत पाकिटांपेक्षा भुसावळ-सावदा-रावेरच्या रस्त्यावर, जिथे कच्चं केळ किसणीवरून थेट कढईत पडतं, तिथले घ्या. चिरून ठेवलेल्या चकत्या हवेने काळ्या पडतात, म्हणून थेट कढईवरच पाडतात. एक चकती मोडून वास घ्या. जुन्या तेलाचा वास गरम वेफर्समध्ये लपतो, गार झाल्यावर कळतो, तेव्हा गार झालेल्या घाण्यातलाच चाखायला मागा. पिशवीच्या तळाशी तेल उतरलेलं दिसलं तर कढई पुरेशी तापलेली नव्हती. मिठाचे आणि मिरीचे घ्या. तिखटाचे तुमच्यासाठी नाहीत, तिथल्या पोराने कितीही सांगितलं की 'ताई, काही तिखट नाही हे'.