योगाची बॅग ओली का?

पत्र थोडक्यात असं: "मी ४८ वर्षांची, कोथरूडला आईबरोबर राहते. मार्चमध्ये मालवणला पहिल्यांदा स्कूबा केलं. दहाच मिनिटं, पण तेव्हापासून डोक्यातून समुद्र जात नाही. पुण्यातल्या एका डायव्हिंग क्लबात नाव घातलंय, टँकवर सराव सुरू झालाय. आईला सांगते, योगाला जाते. आई ७६ वर्षांची. पानशेतच्या पुरात तिचं नारायण पेठेतलं घर गेलं. रिक्षा म्हात्रे पुलावर आली की अजून डोळे मिटून घेते. आणखी एक. लहानपणी मला दमा होता. मालवणला फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं. क्लबातही तसंच लिहिलं तर चालेल का? — एक पाणवेडी"

पाणवेडी ताई,

आधी फॉर्मचं बोलते, कारण तिथे भीड ठेवून चालणार नाही. 'नाही' लिहू नका. मालवणला निभावलं, ते नशीब. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या दुप्पट असतो, आणि तिथे घेतलेला छातीभर श्वास वर येताना दुप्पट फुगतो. म्हणून पहिल्याच दिवशी शिकवतात की श्वास कधी रोखायचा नाही. पण दम्याने श्वासनलिका आकसली, तर तुम्ही न रोखताही हवा आत अडकते आणि फुप्फुसाला इजा होते. टँकच्या खोल बाजूलासुद्धा. तेव्हा 'होय' लिहा, छातीच्या डॉक्टरांकडून फुंकण्याची तपासणी करून घ्या, आणि त्यांचा दाखला मिळेपर्यंत सिलिंडर पाठीवर घेऊ नका. डॉक्टर नाही म्हणाले तर वाईट वाटेल, मलाही वाटेल, पण ऐका. हो म्हणाले तर उत्तमच. तोवर नुसतं पोहा, जमेल तितकं. पहिल्या सर्टिफिकेटसाठी साधारण २०० मीटर सलग पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं.

आता आई. १२ जुलै १९६१ ला त्या बारा वर्षांच्या असतील. एका दिवसात पानशेतचं धरण गेलं, खडकवासल्याचं गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली आल्या. त्यांची भीती ऐकीव नाही, त्यांनी घर जाताना पाहिलंय. अशा माणसाला थापा मारून गप्प बसवू नये. आणि खरं सांगा, योगाची बॅग रोज ओली का, केसांना क्लोरीनचा वास का, हे त्यांना कळत नसेल? मला तर वाटतं, त्यांना सगळं ठाऊक आहे आणि तुम्ही कधी सांगताय याची त्या वाट बघताहेत.

त्याच फॉर्मवर आणखी एक रकाना असतो: काही झालं तर कुणाला कळवायचं. तिथे तुम्ही कुणाचं नाव लिहिलंत? आईचंच ना? मग तो फोन आला, तर 'योगाला गेलेय' म्हणणाऱ्या मुलीबद्दल त्या काय ऐकतील, याचा विचार करा.

समजावत बसू नका, एका रविवारी त्यांना टँकवर घेऊन या. काठावर खुर्ची टाकून द्या. उथळ पाण्यात गुडघ्यांवर बसून मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेतात आणि नाकाने हवा सोडून ते बाहेर काढतात, ते त्यांना बघू दे. उतरण्याआधी तुमचा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, तुमचा प्रत्येक पट्टा ओढून बघतो, हवेचा काटा वाचतो, तेही बघू दे. मुलगी पाण्यात एकटी नसते, हे सांगून पटत नाही. तरीही त्यांची भीती जाणार नाही कदाचित. नको जाऊ दे. त्यांना जे वाटेल ते बोलू द्या, मध्ये तोडू नका.

पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंदच असतं, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत हे सगळं करायला सवड आहे. पुढे मालवणला जाल तेव्हा मात्र शेवटच्या डाइव्हनंतर लगेच गाडीत बसू नका. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, आपलं पुणं ५६० वर. घाट चढताना हवेचा दाब कमी होतो आणि रक्तात बुडबुडे धरण्याचा धोका वाढतो. रविवारी डाइव्ह केलीत तर रात्र मालवणातच काढा, सोमवारी निघा. आणि आईला सोमवारच सांगा. रविवारी रात्री त्या जिन्याकडे कान लावून बसायला नकोत.